डावा, उजवा, मग दोन्ही

माझ्या धाकट्या जावेला घरातली मुलं घडीकाकू म्हणायची. तिच्या हाताखालून गेलेली कुठलीही वस्तू चौकोनी होऊनच बाहेर पडायची. हात पुसायचे नॅपकिन, वर्तमानपत्रं, दुकानातून आलेल्या पिशव्या, इतकंच काय, बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागदसुद्धा. आधी तळहाताने दाबून हवा काढायची, मग दुमडायची. तिच्या कामाची सवय होती ती. गावाबाहेर एक लहानसं विमानतळ होतं, तिथे हौशी माणसं पैसे भरून आकाशातून उडी मारायला येत. ती त्यांची पॅराशूटं भरायची. त्यातही जोडीची. जोडीची म्हणजे पुढे पाहुणा पट्ट्यांनी बांधलेला आणि त्याच्या पाठीला चिकटून मागे तरबेज माणूस, दोघांना मिळून एकच पॅराशूट. तो मागचा माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचं लग्न जुळलं तेही तिथेच, पत्र्याच्या शेडमध्ये.

सासूबाईंना हे फारसं रुचलं नव्हतं. "लोक बायकोत रूप बघतात, गुण बघतात. आमच्या दिवट्याने घड्या बघितल्या," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. त्यातून ती नवऱ्याला चारचौघांत अरे-तुरे करायची.

"अगं, निदान पाहुण्यांसमोर तरी त्याचा मान ठेव," सासूबाई एकदा म्हणाल्या.

"आई, वर गेला की तो माझ्या दोरीला लटकलेला असतो. मान कसला ठेवू?"

सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

मला ती आवडली ती तिच्या हातांमुळे. मिशनच्या शाळेत शिवणाच्या तासाला आमच्या मदर भरतकाम कधी सरळ बाजूने बघत नसत. कापड उलटं करायच्या आणि मागच्या गाठी तपासायच्या. पुढून सगळ्यांचंच चांगलं दिसतं, म्हणायच्या. घडीकाकू कुठल्याही शाळेत शिवण शिकली नव्हती, पण तिचं काम उलटं करून बघितलं असतं तर मदरनी मान डोलावली असती.

तिचं काम मी कितीतरी वेळा शेजारी बसून पाहिलं. शेडमध्ये जमिनीवर निळी ताडपत्री अंथरलेली असे. भावजी उतरले की भलंमोठं कापड, आमच्या बैठकीच्या खोलीहूनही मोठं, कवेत घेऊन यायचे आणि तिच्यापुढे टाकायचे. ती वर न बघताच विचारायची, "कसं उघडलं?" त्यांनी एका शब्दात सांगायचं. "लोण्यासारखं." किंवा "झटका दिला." किंवा "जरा डावीकडे रुसलं." मग ती दोऱ्या मोजून, विंचरून, कापड खांद्यावर घेऊन झटकायची, त्याचे उभे पट्टे एकावर एक जुळवायची, आणि गुडघे टेकून त्यातली हवा बाहेर काढायची. तिचे गुडघे कायम काळेनिळे असायचे. शेवटी पिशवी बंद झाली की तिच्यावर दोन थापा मारून म्हणायची, "जा, फिरून ये."

स्टिअरिंगच्या दोऱ्यांवर तिचा विशेष जीव. पॅराशूटच्या मागच्या कडेला दोन्ही अंगांना एकेक दोरी असते, खाली एकेक मूठ. डावी ओढली की डावीकडे वळतं, उजवी ओढली की उजवीकडे. दोन्ही एकदम खाली ओढल्या की वेग मरतो, आणि जमिनीवर हळुवार टेकता येतं. भरताना या दोऱ्या अर्ध्या ओढून अडकवून ठेवायच्या असतात, म्हणजे उघडताना कापड उधळत नाही. जास्तीची दोरी उरते, तिला ती शेपूट म्हणायची. हे शेपूट एका छोट्या कप्प्यात नीट सरकवावं लागतं. बाहेर राहिलं तर उघडण्याच्या धांदलीत त्याचा फास मुठीभोवती बसू शकतो, आणि एकदा बसला की मूठ सुटत नाही. मूठ ज्या पट्टीवर असते तिच्या आतल्या अंगाला हा कप्पा असल्यामुळे ते काम डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त करायचं असतं.

म्हणून पॅराशूट उघडल्याबरोबर भावजींचं पहिलं काम म्हणजे वर बघायचं, दोन्ही मुठी सोडवायच्या आणि म्हणायचं, "डावा, उजवा, मग दोन्ही." म्हणजे डावीकडे वळवून बघायचं, उजवीकडे वळवून बघायचं, मग दोन्ही ओढून वेग मरतो का ते बघायचं. हे तिन्ही जमलं तरच ते पॅराशूट उतरायच्या लायकीचं. त्यांना याची इतकी सवय लागली होती की दुचाकी काढतानासुद्धा हँडल डावीकडे, उजवीकडे आणि मग दोन्ही ब्रेक. माझ्या मुलांना त्यांनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून, डोक्यावर पंचा धरून हे शिकवलं होतं. आणि नाही जमलं तर? तर दोनदा जोर लावून बघायचं, तिसऱ्यांदा नाही. उंचीच्या घड्याळाचा काटा लाल पट्ट्यात शिरायच्या आत मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं आणि राखीव उघडायचं.

"मग ते सोडलेलं कुठे जातं?" माझ्या मुलीने विचारलं होतं.

"जाईल तिथे जातं. पण आणायचं मात्र जसंच्या तसं," घडीकाकूने चहाच्या कपातून मान वर न काढता सांगितलं. "गाठ असेल तर गाठीसकट. गाठीला हात लावलास तर हात मोडीन."

नव्याने कामाला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. गाठ सोडवली की ती का पडली हे कुणालाच कळत नाही, आणि मग पुढच्या कुणाच्या तरी डोक्यावर ती पुन्हा पडते.

तिच्या हातचं एकही पॅराशूट कधी सोडून द्यावं लागलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकही नाही. ती स्वतः हे बोलायची नाही, पण बाकीचे बोलायचे. घाबरलेल्या पाहुण्याला धीर द्यायला तिथले लोक सांगायचे, "काकूच्या हातचं आहे हो, निर्धास्त जा." तेव्हा ती खाली मान घालून दोऱ्या विंचरत राहायची आणि तिचे कान लाल व्हायचे. दागिन्यांची तिला हौस नव्हती, मूल झालं नाही, घर भाड्याचं. आपलं म्हणावं असं तिच्याकडे हे एवढंच होतं.

मग तिला रक्ताचा आजार झाला. औषधं सुरू झाली तसे केस गेले, ते तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. "बरंच झालं, दोऱ्यांत अडकायचे," म्हणाली. पण औषधांनी तिची बोटं बधीर व्हायला लागली. माझ्याकडे आली की सुईत दोरा ओवून बघायची, ओवला की हसायची. एक दिवस सुई बोटात शिरली आणि तिला कळलंच नाही. रक्ताचा थेंब साडीवर पडला तो मी पाहिला, मग तिने पाहिला. तिने सुई सुईदाणीत खोचली. त्याच आठवड्यात तिने मैदानाच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, सांगितलं की उद्यापासून मी भरणार नाही. त्या दुपारी तिने शेवटचं एक जोडीचं पॅराशूट भरलं. दोन थापा मारल्या, "जा, फिरून ये" म्हणाली आणि घरी आली. थोड्याच दिवसांत तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथून ती परत आली नाही.

शेडमधल्या खुंटीवर तिने भरलेलं ते पॅराशूट तसंच राहिलं. भावजी इतर पॅराशूटं घेऊन उड्या मारत, पण त्याला कुणाला हात लावू देत नसत. कप्तानांनी बराच काळ कानाडोळा केला. पण पाठीवर बांधायच्या प्रत्येक सामानात एक राखीव पॅराशूटही असतं आणि ते ठरलेल्या मुदतीत उघडून तपासावंच लागतं. ती मुदत जवळ आली. तपासणारा सगळंच सोडवून ठेवणार होता.

भावजी माझ्याकडे आले ते तेव्हा. बराच वेळ टेबलावरची पिशवी दुमडत बसले. तिच्यासारखी जमत नव्हती.

"वहिनी, तिच्या हातचं एवढं एकच उरलंय. ते सोडवून ताडपत्रीवर टाकायचं माझ्या जिवावर येतंय. एकदा आकाशात उघडावं, असं वाटतं. त्यासाठीच भरलं होतं ना तिने."

"मग उघडा की."

"जोडीच्या सामानावर एकट्याला उडी मारू देत नाहीत. कुणीतरी पुढे हवं."

"पाहुण्यांची काय कमी आहे तुमच्याकडे?"

"पैसे भरून आलेल्या माणसाला हे नको," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

"कप्तान?"

"त्यांचं वजन विमानालाच जड होतं."

मी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मुलं आपापल्या घरी. माझ्या डॉक्टरांनी मला तपासलं, वेडी आहात का असं विचारलं आणि सही केली. मुलीला मी उडी मारून झाल्यावरच सांगायचं ठरवलं.

सकाळ निरभ्र होती. विमानाच्या दारातून बाहेर पडतानाचं मला फारसं आठवत नाही. गार वारा आणि एवढा आवाज की स्वतःची किंकाळी स्वतःला ऐकू आली नाही, एवढंच. मग कुणीतरी बखोट धरून वर उचलावं तसा ओढा बसला आणि एकदम शांत झालं. खाली शेतांचे तुकडे, एक तळं, काडीएवढा रस्ता. कानाशी भावजींचा आवाज आला.

"उघडलं, वहिनी. चारही कोपरे बघा. कसं उघडलंय बघा."

त्यांचा आवाज ओला होता. मी मान वर केली. पांढरं-पिवळं कापड उन्हात भरून उभं होतं.

"डावा," ते म्हणाले.

पुढचा शब्द आला नाही. आम्ही डावीकडे वळायला लागलो ते वळतच राहिलो. खालचं तळं माझ्या पायांखालून गेलं आणि पुन्हा आलं. माझ्या खांद्याला त्यांच्या दंडाचा हिसका बसला, पाठोपाठ आणखी एक.

"भावजी?"

"थांबा."

तिसरा हिसका बसला. चौथा. "ये ना," ते हळूच म्हणत होते, "ये ना गं, सूट ना." ते माझ्याशी बोलत नव्हते. मग त्यांनी उजवी मूठ अर्धी खाली ओढून धरली आणि गिरकी थांबली. आम्ही सरळ चाललो.

"जातंय सरळ," ते स्वतःशीच म्हणाले. "असंच नेतो. असंच उतरवतो."

स्वयंपाकघरातला पंचा मला आठवत होता. डावी मूठ सुटली नाही तर शेवटी दोन्ही ओढता येणार नाहीत, वेग मरणार नाही, हे मला कळत होतं. त्यांना तर कळतच होतं. त्यांचं मनगट माझ्या गालाजवळ होतं आणि घड्याळातला काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता. उतरताना पाय वर उचलायचे एवढीच एक गोष्ट मला शिकवलेली होती.

"भावजी," मी विचारलं, "मी पाय कधी उचलू?"

मग माझ्या पाठीशी त्यांची छाती एकदा भरून रिकामी झाली, आणि ते कामाच्या आवाजात बोलले. तो आवाज मी शेडमध्ये पाहुण्यांशी बोलताना ऐकलेला होता.

"वहिनी, अजून एकदा पडायचंय. थोडंसंच. हात पट्ट्यांवर घ्या. मान मागे. पाय मागे दुमडा."

आम्ही पडलो. पडताना मला क्षणभर ते कापड दिसलं. खाली कुणीही नसलेलं, चुरगळत, एका कुशीवर कलंडत बाजूला जाणारं. मग राखीव उघडलं आणि ते दिसेनासं झालं. "डावा," भावजी म्हणाले. "उजवा. दोन्ही." तिन्ही जमलं. आम्ही गवतावर बसल्या बसल्या घसरत उतरलो, पोरं घसरगुंडीवरून उतरतात तसे. माझ्या चपला मात्र कुठे पडल्या ते कळलं नाही. बूट घालून या असं त्यांनी चारदा सांगितलं होतं, मी मागे पट्टा असलेल्या चपला घातल्या होत्या.

कप्तान जीप घेऊन आले. मला पाणी दिलं. भावजी म्हणाले, "पॅराशूट तळ्याकडे पडलंय. मी आणतो." मला शेडमध्ये एकटीला बसवेना, म्हणून मीही जीपमध्ये बसले.

ते तळ्याच्या काठी झुडपांवर पसरलं होतं. भावजींनी ते हळूहळू सोडवून घेतलं, एकेक काटा बाजूला करत, आणि डावीकडची पट्टी हातात घेऊन मातीत बसले. शेपूट कप्प्यात गेलेलंच नव्हतं. त्याचा फास मुठीवर बसून घट्ट गाठ झाली होती. लहानशी होती, सुपारीएवढी.

त्यांनी अंगठ्याचं नख तिच्यात घातलं.

"सुटेल ही," ते म्हणाले. "दोन मिनिटांत सुटेल. मग कुणाला काहीच सापडणार नाही. होतं असं कधीकधी, म्हणतील आणि सोडून देतील."

"आणि नाही सोडवली तर?"

"तर तिच्या हातचं पहिलं." त्यांचं नख गाठीतच होतं. मग म्हणाले, "शेवटच्या दिवशी घरी येताना ती म्हणाली होती, आजचं मला नीट कळलं नाही रे. शेपूट आत गेलं की नाही, बोटांना समजलं नाही. उद्या दुसऱ्या कुणाकडून तरी उघडून पुन्हा भरून घे. मी हो म्हटलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मला पुढे बांधून वर नेलंत."

"हो, वहिनी."

मी जीपला टेकून उभी राहिले. मला त्यांचा राग आला, खरोखर आला. इतका की त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली, आणि आमच्या घरात वहिनीने असलं काही केलेलं नाही.

"मला वाटलं, आजारी माणूस उगाच मनाला लावून घेतंय," ते खालीच बघत बोलत होते. "तिचं कधी चुकलंय का? आणि दुसऱ्याने उघडून भरलं असतं, तर मग त्यात तिचं काय राहिलं असतं? ती दुसऱ्याचीच घडी झाली असती. रोज खुंटीकडे बघायचो. आज सांगू, उद्या सांगू. मग ती गेली. मग सांगायचं राहूनच गेलं."

तळ्यावर एक बगळा उभा होता.

मग त्यांनी नख काढून घेतलं. "गाठीला हात लावलास तर हात मोडीन," ते अगदी तिच्या सुरात म्हणाले, आणि गाठीभोवती रुमाल गुंडाळला, वाटेत हिसका बसून ती सैल होऊ नये म्हणून.

शेडमध्ये सगळे जमले होते. पॅराशूट ताडपत्रीवर अंथरलं. कप्तान गुडघ्यांवर बसले, रुमाल सोडला आणि त्या गाठीकडे बघत राहिले. घडीकाकू पोटच्या पोरीसारखी होती त्यांना. मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "काकूचं?"

"आजारी होती ती," कप्तान म्हणाले. "बोटं गेली होती तिची. मीच आधी थांबवायला हवं होतं. आता कुणी यावर बोलू नका."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. गेलेल्या माणसाला सांभाळून घेतात तसं ते तिला सांभाळून घेत होते, आणि तेच भावजींना सोसलं नसावं.

"बोला," ते म्हणाले. "बोलायचं तर मला बोला. तिने त्याच दिवशी सांगितलं होतं, हे उघडून घे म्हणून. तिला कळलं होतं. मी ऐकलं नाही. तिचं काही चुकलेलं नाही."

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या अनवाणी पायांकडे. उठायला त्यांना वेळ लागला. उठले आणि हात पुढे केला. भावजींनी मनगटावरचं उंचीचं घड्याळ सोडून त्यांच्या हातावर ठेवलं. नंतर चौकशी झाली, कागद झाले, पण त्यांचं आकाश संपलं ते त्या वेळी. पुन्हा कुणालाही पुढे बांधून ते वर गेले नाहीत.

मी त्यांच्याशी काही महिने बोलले नाही. मग एक दिवस तेच आले, पावाची पिशवी घेऊन. पाव मी काढून घेतला आणि पिशवी ते दुमडत बसले. मी चहा टाकला.

आता ते शेडमध्येच काम करतात. वर्षभराने कप्तानांनी त्यांना भरायला बसू दिलं, तेही आधी दुसऱ्याच्या नजरेखाली. त्यांचा हात चालत नाही, गुडघे दुखतात, एका पॅराशूटला तिच्या दुप्पट वेळ लागतो. ती गाठ अजून आहे. पट्टीचा तेवढा तुकडा कापून कप्तानांनी भिंतीवर टांगलाय आणि नव्याने येणाऱ्याला तो दाखवतात. गोष्ट सांगतात ती भावजींचं नाव घेऊन, भावजी तिथेच बसलेले असतात. पाहुण्यांना धीर देताना मात्र तिथले जुने लोक अजूनही म्हणतात, काकूच्या हातचं एकदाही सोडावं लागलं नाही. नव्याने आलेला कुणी भिंतीकडे बोट दाखवतो, तर त्याला म्हणतात, ते काकूचं नाही, ते यांचं.

गेल्या महिन्यात मी डबा द्यायला गेले होते. एक तरुण प्रशिक्षक उतरून आला, कापड त्यांच्यापुढे टाकलं आणि शेडमधल्या जुन्या रिवाजाप्रमाणे, कुणी न विचारताच म्हणाला, "लोण्यासारखं."

भावजींनी मान वर केली नाही. त्यांची दोन बोटं पट्टीच्या आतल्या कप्प्यात होती. शेपूट सरकवलं, चाचपलं. मग ते पुन्हा बाहेर काढलं आणि पहिल्यापासून सरकवायला घेतलं.